मूळ कागद प्रवासाला जात नाहीत

आमच्या अमरावतीकडची मुलं-मुली आता दरवर्षी नोकरीसाठी पुण्याला जातात, आणि प्रत्येकाला सोडायला घरचं कोणीतरी बरोबर जातंच. मीही गेल्या महिन्यात माझ्या लेकीला, मयूरीला, सोडून आलो. परत आल्यावर कचेरीत दोघातिघांनी विचारलं, "बडे बाबू, काय काय न्यावं लागते ते लिहून द्या, आमचेही पोट्टे आता जाणारच हायेत." यादी लिहून देणं सोपं होतं. पण माझ्या हातून जे झालं ते यादीत लिहिता येत नाही, म्हणून सगळंच सांगतो.

शुक्रवार, अमरावती

बॅग भरणं हा माझ्या अभिमानाचा विषय. तहसील कचेरीत सव्वीस वर्षं काढली, त्यात निवडणुकीच्या ड्युट्या किती झाल्या त्याची गणती नाही. मतदान केंद्र म्हणजे कुठल्यातरी खेड्यातली शाळा, झोपायला बाकडं आणि दोन्ही हातांत सरकारी सामान. आपली पिशवी अशी हवी की ती खांद्याला अडकली पाहिजे आणि तिची आठवणसुद्धा राहता कामा नये. तिथेच सगळं शिकलो. कपड्यांची घडी घालायची नाही, गुंडाळी करायची. बुटांत मोजे, मोज्यांत दाढीचं सामान. डब्यात डबा. जड ते तळाला, रस्त्यात लागेल ते वर. भरून झाली की बॅग करंगळीने उचलून बघायची, आणि उचलली गेली नाही तर पुन्हा उघडायची. माझी बायको मंदा म्हणते, या माणसाला बॅगेत रिकामी जागा दिसली की झोप लागत नाही.

मयूची सुटकेस तिने आदल्या दिवशीच भरली होती आणि वर बसून बंद केली होती. शुक्रवारी सकाळी ती मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली आणि मी सुटकेस उघडली. उघडणारच होतो. लेकीची पहिली नोकरी, तीही पुण्यातल्या संगणकाच्या कंपनीत, आणि सुटकेस अशी की अर्ध्यात हवाच भरलेली. अर्ध्या तासात मी एवढी जागा मोकळी केली की शेंगदाण्याची, लसणाची आणि जवसाची अशा तिन्ही चटण्या आणि कुकरसुद्धा आत गेला.

अगदी तळाला निळी फाईल होती. दहावी, बारावी, इंजिनियरिंगच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका, पदवीचा दाखला, सगळे मूळ कागद. मूळ कागद घराबाहेर पडला की काय होतं हे मी नोकरीभर पाहत आलोय. भुसावळ स्टेशनावर बॅग चोरीला गेली म्हणून मुलाच्या सनदेसाठी दोन वर्षं फिरणारा बाप माझ्या टेबलासमोर बसून रडलेला आहे. मूळ कागद प्रवासाला जात नाही, जातात त्या साक्षांकित प्रती, हा माझा नियम. कंपनीच्या पत्रात मूळ प्रमाणपत्रं आणावीत असं लिहिलं होतं, ते मी वाचलंही होतं. पण असं प्रत्येकच जाहिरातीत लिहितात आणि शेवटी खिडकीवरचा बाबू साक्षांकित प्रती ठेवून घेतो. तो खिडकीवरचा बाबू मीच आहे, मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

मी साहेबांच्या सहीचे आणि गोल शिक्क्याचे तीन संच आधीच तयार करून ठेवले होते. ते त्याच निळ्या फाईलमध्ये घातले. मूळ कागद कापडात बांधून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीसारखी पँटच्या आतल्या खिशात टाकली. मयूला सांगावं असं मनात येऊन गेलं. पण ती वाद घालणार आणि बस चुकणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. बस संध्याकाळी पाचला होती आणि तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते.

शनिवार, कर्वेनगर

मयूची राहायची सोय कर्वेनगरात परचुरेबाईंच्या घरी वरच्या खोलीत केली होती. बाई साठीच्या, एकट्या, बँकेतून निवृत्त. मला दोन-तीन दिवस खालच्या बैठकीत झोपायची परवानगी मिळाली, तीही "आपण घोरत नसाल तर" या अटीवर.

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग चहा, मग "कोणत्या गाडीने आले?" परचुरेबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "चहा घेऊन आला असालच ना?" मी नाही म्हणालो. "मग घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा मात्र आल्याचा, उत्तम केला होता. दुपारी जेवणात आमटी गोड, भाजी गोड आणि कोशिंबीरही गोड. मी हळूच जवसाच्या चटणीचा डबा उघडला. बाईंनी बोटावर घेऊन चाखली, दोन मिनिटं ठसका लागला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "बरी आहे. जखमेवर लावत असाल."

तरीही मला बाई आवडल्या. त्यांनी मयूला गरम पाण्याची वेळ, दाराची कडी, मोलकरणीचं नाव असं सगळं एकदाच आणि नीट सांगितलं. आमच्या घरात एक गोष्ट पाच वेळा सांगतात आणि सहाव्यांदा रागावतात.

रविवार, हिंजवडी

सोमवारी उशीर नको म्हणून रविवारी आम्ही कंपनीपर्यंत रंगीत तालीम करून आलो. दोन बस बदलाव्या लागल्या. हिंजवडी पाहून मी चक्रावलोच. एका अंगाला ज्वारीचं रान, म्हशी, शेणाच्या गोवऱ्या, आणि दुसऱ्या अंगाला आभाळ दिसेल अशा काचेच्या इमारती. मयू एका इमारतीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ती." तिच्या तोंडावर जे हसू होतं तसं मी दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

फाटकासमोर एका मावशीची चहाची टपरी होती. मी विचारलं, इथे कंपनी यायच्या आधी काय होतं? मावशी म्हणाल्या, "आमचंच वावर व्हतं की ह्ये. तुमची लेक जितं बसनार हाय ना, तितं आमची हीर व्हती. आता फाटकाच्या भायेर बसून च्या इकतोय." हे त्या हसत म्हणाल्या. मी आणखी एक चहा सांगितला.

सोमवार

साडेआठला मयू फाटकातून आत गेली. नवा ड्रेस, निळी फाईल छातीशी. बापांना आत प्रवेश नव्हता. मी मावशींच्या टपरीवर बसलो. लेकीला सोडायला आलेले आणखी दोन बाप होते, एक सोलापूरचा आणि एक नांदेडचा, आणि आम्ही तिघांनी मिळून देशाची प्रगती ठरवून टाकली.

साडेअकराला मयू बाहेर येताना दिसली. एकटीच, आणि चालणं नेहमीसारखं नव्हतं. ती जवळ आली आणि फाईल माझ्यासमोर उघडून धरली.

"बाबा, ओरिजिनल्स कुठे आहेत?"

"घरी. सुरक्षित आहेत," मी म्हणालो. "प्रती आहेत ना, तीन संच. शिक्का आहे."

"त्यांना शिक्क्याशी काही घेणंदेणं नाहीये. त्यांना ओरिजिनल बघायचेत, बघून लगेच परत देतात. सगळ्यांचे बघितले. माझेच नव्हते." मग ती शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी फाईल सगळ्यात आधी ठेवली होती. बाकी सगळं तिच्यावर भरलं होतं. तुम्ही सुटकेस उघडली होती?"

"हो."

ती रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. उद्या अकरापर्यंत मूळ कागद दाखवा, नाहीतर नाव पुढच्या बॅचमध्ये जाईल, असं आतल्या मॅडमनी सांगितलं होतं. पुढची बॅच कधी, तर "वी विल लेट यू नो." तिच्या कॉलेजातली एक मुलगी असंच ऐकून गेली होती आणि आठ महिने झाले तरी अकोल्यात शिकवण्या घेत होती.

मयूच्या मोबाईलवरून घरी फोन लावला.

"मंदा, कपाटाच्या लॉकरमध्ये मयूचे कागद हायेत. आजच्या पाचच्या बसने ड्रायव्हरजवळ पाठव."

"कागद तं पोरगी घेऊन गेली न?"

"नाही. लॉकरमध्ये हायेत."

पलीकडे कपाटाचं दार ओढल्याचा आवाज आला. मग, "लॉकरची चाबी कुठी हाये?"

"माझ्याजवळ."

"म्हणजे पुण्यात?"

"हो."

ती एक शब्दही वावगा बोलली नाही. चाबीवाल्याला बोलावते म्हणाली आणि फोन ठेवला. एक वाजता फोन आला की चाबीवाला गावाला गेलाय, संध्याकाळी येतो म्हणतात. संध्याकाळी म्हणजे बस सुटल्यावर. "मग काय करायचं?" मी विचारलं. "काय करायचं ते मी करते," ती म्हणाली. आम्ही कर्वेनगरला परत येईपर्यंत दर दहा मिनिटांनी मी फोन काढून बघत होतो. फोन मयूचा, तिच्याच पर्समधून काढत होतो.

साडेतीनला पुन्हा फोन आला. "उघडलं."

"चाबीवाला आला?"

"नाही. सब्बल लावली."

सब्बल म्हणजे पहार, आणि आमचं कपाट लग्नातलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फार मोडलं का?"

"तुम्हाले कागद पाहिजे का कपाट पाहिजे?"

मी घाईने सांगायला लागलो की कागद लिफाफ्यात घाल, दोन्हीकडून पुठ्ठा लाव, वरून प्लॅस्टिक, त्यावर सुतळी आडवी-उभी. तिने मध्येच तोडलं. "मले बांधता येते. बस गाठाची हाये."

"कशात बांधतेस ते तर सांग!"

"बांधते म्हटलं न." फोन बंद.

संध्याकाळी परचुरेबाईंनी चहा आणला आणि आमचे चेहरे पाहून विचारलं, "काय झालं? कंपनी जागेवर नव्हती का?"

"काकू, ओरिजिनल्स घरी राहिले," मयू म्हणाली.

"राहिले? पाय फुटले होते की काय त्यांना?" बाईंचा आवाज चढला. "अगं, चार वर्षं ज्याच्यासाठी घासलीस ते कागद विसरायचे आणि चटण्या तेवढ्या आठवणीने आणायच्या! इतकं बेफिकीर असून कसं चालेल? वडिलांना या वयात धावपळ."

मयूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी समोरच्याच खुर्चीत बसलो होतो. बोलायला एवढं एक वाक्य लागत होतं. मी कपात बघत बसलो. मयू म्हणाली, "हो काकू, चुकलंच," आणि वर निघून गेली.

मंगळवार, संगमवाडी ते हिंजवडी

बस सातला येते म्हणून आम्ही साडेसहालाच संगमवाडीला, खासगी बस थांबतात तिथे, जाऊन उभे राहिलो. परचुरेबाईंनीच त्यांच्या ओळखीचे रिक्षावाले इस्माईलभाई ठरवून दिले होते. पन्नाशीचे, कॅम्पात तीन पिढ्या राहिलेले, आणि परचुरेबाईंसारखंच मोजकं बोलणारे. मी त्यांना सांगितलं की अकराच्या आत हिंजवडी गाठायची आहे, नोकरीचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "आधी बस तर येऊ द्या, साहेब. काळजी फुकट असते, ती नंतरही करता येते."

सात वाजले, साडेसात वाजले. ड्रायव्हरचा मोबाईल बंद. औरंगाबादची बस आली, नांदेडची आली, लातूरची येऊन रिकामी होऊन गेलीसुद्धा. आठला मोबाईल लागला, बस वाघोलीच्या अलीकडे अडकली होती, पुढे ट्रक आडवा झाला होता. मयू दर मिनिटाला घड्याळ बघत होती. मी तिला म्हणालो, काहीतरी खाऊन घे. ती नको म्हणाली. सोमवारपासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती, आणि कारण मला माहीत होतं.

नऊला पाच मिनिटं कमी असताना बस आली. दार पुरतं उघडायच्या आत मी पायरीवर चढलो. "अमरावतीहून पार्सल आहे. कागदांचा लिफाफा."

ड्रायव्हरने केबिनमध्ये इकडे तिकडे पाहिलं. "लिफाफा? लिफाफा तं नाही दिला कोणी."

"जाड असेल. सुतळी बांधलेला. नीट बघा!"

क्लीनरने डिकी उघडली. संत्र्याच्या पेट्या, एक सायकल, लोणच्याची बरणी. मी पोत्यांच्या मध्ये हात घालून शोधलं. शर्ट कोपरापर्यंत काळा झाला. लिफाफा नव्हता. घरी फोन लावला तर लागेना. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

तेवढ्यात दुसरा ड्रायव्हर, जो रात्रभर आळीपाळीने गाडी चालवत आला होता, डोळे चोळत केबिनमधल्या फळीवरून उतरला. "तुम्ही मंदाताईचे मालक काय? त्याहीनं एक उशी दिली हाये पोरीसाठी."

"उशी?" मी ओरडलोच. "मी कागद मागितले आणि ती उशी पाठवते?"

त्याने केबिनमधून आमच्या घरची निळ्या फुलांची उशी काढली. "म्हने, पोरीची हाये, पण रातभर तुम्हीच डोक्याखाली घ्या, खाली ठेवू नका. मी तिच्यावरच झोपलो. झोप काही चांगली नाही आली बाप्पा, कडक हाये."

मयूने उशी घेतली आणि दोन्ही हातांनी दाबली. आत कागद करकरला. तिने दातांनी टाका तोडला, अभ्र्याची एक बाजू नवीन शिवलेली होती. कापसाच्या दोन थरांच्या मध्ये जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कागद ठेवले होते, एकही दुमडलेला नाही, दहावीपासून पदवीपर्यंत ओळीने. लिफाफा डिकीत पडला असता, ओला झाला असता, कदाचित वाघोलीला उतरणाऱ्याच्या सामानात गेला असता. रात्रभर माणसाच्या डोक्याखाली असलेली उशी कुठे जाणार? बॅगा भरण्यात माझी हयात गेली आणि हे मला कधी सुचलं नसतं.

"बसा आता," इस्माईलभाई म्हणाले. "मघाशी करायची ती काळजी आता करा."

औंधपर्यंत बरं होतं. पुढे कंपन्यांच्या बसची रांग लागली, पांढऱ्या, एकामागे एक, आतली मुलं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. दहा वाजले. सव्वादहा. रिक्षा जागची हलेना. मयू कागद मांडीवर घट्ट धरून पुढे वाकून बसली होती. इस्माईलभाईंनी एका गल्लीत रिक्षा घातली, तिथून विटभट्टीच्या कडेने, मग कोणाच्या तरी गोठ्यापुढून, जिथे रस्ताच नव्हता. मी म्हणालो, "इथून जाता येतं?" ते म्हणाले, "आजपासून येतं."

अकराला आठ मिनिटं होती तेव्हा फाटक दिसलं. रिक्षा थांबायच्या आत मयूने उडी मारली आणि धावत सुटली.

मग मी टपरीपाशी येऊन थांबलो. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. ती बाहेर आली नाही याचा अर्थ काम झालं की बोलणी बसतायत, ते कळेना. मावशी म्हणाल्या, "आत घेतलं म्हंजे झालं की. न्हाईतर कवाच लावलं आसतं भायेर." तरी मी उभाच होतो. पाय दुखायला लागले तेव्हा कळलं की दोन तास उभा आहे.

एक वाजता मयू आली. गळ्यात पट्टी, पट्टीला फोटोचं कार्ड. कालपासून पहिल्यांदा ती हसली. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं, लपवलं नाही.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"विचारलं, काल का नव्हते आणले? मी सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही."

"मी काढले असं का नाही सांगितलंस?"

"बाबा, तिथे ते सांगून काय उपयोग होता?" ती म्हणाली आणि जेवायला परत आत गेली.

संध्याकाळी माझी परतीची बस होती. परचुरेबाईंनी पोळी-भाजीचा डबा दिला आणि डबा परत पाठवायचा असतो याची आठवण करून दिली. मग मयूकडे वळून म्हणाल्या, "निभावलं एकदाचं. पण यापुढे वस्तू जागच्या जागी ठेवत जा. दर वेळी वडील धावायला नसतील."

"हो काकू," मयू म्हणाली. तिने ते तसंच सोडून दिलं असतं.

"ती जागच्या जागीच ठेवते," मी म्हणालो. "कागद तिने बरोबर बॅगेत ठेवले होते. मी काढले. तिला न सांगता."

बाईंनी चष्मा काढला. "काल मी तिला बोलत होते तेव्हा आपण याच खुर्चीत बसला होतात ना?"

"बसलो होतो."

"मग काल का नाही बोललात?"

मला थाप मारता आली असती. म्हणालो, "काल हिची नोकरी राहते की जाते ते ठरायचं होतं. गेली असती तर मी हे कधीच बोललो नसतो."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मयू दारातच उभी होती. तिने माझी बॅग उचलली. "चला बाबा, बस चुकेल." मी बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने ती दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या पुढे दाराच्या पायऱ्या उतरायला लागली.